बाबांची गरी बंद करायची का? वय ७२, खडक आणि पाग दोन्ही

शापोराकाठ
वडील ७२ वर्षांचे. हणजुणे-वागातोरच्या खडकांवर गरीने मासेमारी आणि शापोरा नदीत पाग (हाताने फेकायचं जाळं), दोन्ही मिळून आठवड्याला तीन-चार फेऱ्या. रक्तदाबाची गोळी सकाळी, तिच्यातच लघवी वाढवणारं औषध आहे. प्रोस्टेटची गोळी रात्री, साखरेची दोन वेळा. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसरा डोळा बाकी. उजवा हात खांद्याच्या वर नेला की दुखतो. अजून पडलेले नाहीत, पण खडकावरून उतरताना हात टेकतात. डॉक्टर म्हणाले, "आता पुरे करा."

सामान असं: १० फुटी रॉड, ६००० नंबरचं रील, ८० ग्रॅमचं शिसं. पाग ९ फुटी. पूर्ण बंद करायला ते तयार नाहीत, आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटत नाही. यातलं आधी काय सोडायचं, आणि काय बदलून चालेल? "काळजी घ्या" सोडून काहीही सांगा.

सुकती_भरती
खडक आधी. पागाचं जाणकार सांगतील.

ताई, "उतरताना हात टेकतात" हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. चढताना दम लागतो, तेवढंच. उतरताना सगळं वजन एका वाकलेल्या गुडघ्यावर येतं, त्यात एका हातात रॉड, दुसऱ्यात पिशवी. हात टेकायला लागला म्हणजे तो गुडघा वजन पेलत नाही.

लोक लाटेला घाबरतात. लाट धोक्याची आहेच, पण बरेच जण घसरतात ते मासा वर घेताना. दोन-तीन किलोचा चणक किंवा तांबोशी खडकाच्या पायथ्याशी आली की माणूस काय करतो? उजव्या हातात वाकलेला रॉड, डाव्या हाताने दोरी पकडायला खाली वाकतो, नजर माशावर, आणि पाय नेमका भरती-सुकतीच्या रेषांमधल्या हिरव्या पट्ट्यावर. तो पट्टा कोरडा दिसला तरी निसरडाच असतो. खडक लगेच सुटत नसेल तर किमान दीड-दोन मीटर दांड्याची जाळी घ्या, म्हणजे वरच्या कोरड्या खडकावरून मासा उचलता येईल. जाळी पोचत नसेल तर दोरी कापायची आणि मासा जाऊ द्यायचा. हे आधीच ठरवून ठेवा, त्या क्षणी कोणी ठरवत नाही.

वेळ निवडायची तर तिथीवरून. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते: चतुर्थीला ३, अष्टमीला ६. सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडे तेच, आणि पुढे सहा तासांच्या आसपास पूर्ण सुकती. हा ढोबळ हिशेब झाला. नेमकी वेळ मुरगावच्या भरतीच्या कोष्टकात बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आपल्याकडे पाणी सुमारे दोन मीटर वर-खाली होतं, अष्टमीच्या भांगाला त्याच्या निम्म्याहून कमी. वय झालेल्याने भांगाचे दिवस धरावेत: पाणी हळू चढतं, परतीची वाट बुडत नाही. मासा उधाणाला जास्त लागतो हे मान्य, पण वाटही तेव्हाच बुडते.

गेल्यावर लगेच बसायचं नाही. १५-२० मिनिटं उभं राहून समुद्र बघायचा, कारण मोठ्या लाटा तीन-चारच्या गटाने येतात आणि मधे बराच वेळ शांत वाटतं. त्या वेळात सगळ्यात वरची लाट जिथे भिजवून गेली, त्याच्याही वर बसायचं. एप्रिल-मेमध्ये वारा नसताना लांबच्या समुद्रातून फुगून आलेलं पाणी खडकावर चढतं. इन्कॉइसचा (समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था) उंच लाटांचा इशारा असेल त्या दिवशी सामान घरीच. जून ते सप्टेंबर खडक नाहीच, तिशीतल्यालाही नाही.

पायरी_पायरी
फिजिओथेरपीच्या बाजूने. डॉक्टर "पुरे" म्हणाले ते वय बघून की काही तपासून, ते विचारा. घरी तीन गोष्टी मोजता येतात. बाजूला कुणीतरी उभं राहा.

एका पायावर १० सेकंद, डोळे उघडे, आधाराशिवाय. मग हात छातीवर बांधून साध्या खुर्चीतून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. सत्तरी ते चौऱ्याहत्तरीतल्या पुरुषाला १२ पेक्षा कमी जमलं तर पडण्याचा धोका धरतात. आणि खुर्चीतून उठून १० फूट चालून, वळून परत बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर तीही धोक्याची खूण. तिन्ही जमलं तरी खडक सुरक्षित ठरत नाही, या चाचण्या सपाट फरशीवरच्या आहेत. एक जरी नापास झाली तर मात्र खडकाचा विषय तिथेच मिटला.

तुमच्या यादीत मला खटकली ती गोळ्यांची जोडी. प्रोस्टेटची टॅमसुलोसिनसारखी गोळी आणि लघवी वाढवणारं औषध, दोन्हींमुळे उभं राहताना रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. आता गरीवाल्याचं बसणं डोळ्यांपुढे आणा. दीड तास दगडावर निवांत, लघवीला जावं लागू नये म्हणून पाणीही प्यायलेलं नाही, ऊन चढलेलं. टोक वाकतं आणि माणूस ताडकन उठतो. दोन सेकंद डोळ्यांपुढे अंधारी, समोर पाणी. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. त्या दिवशी वेळ बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारा, अर्धा-पाऊण लिटर पाणी घोट घोट प्यायला लावा, आणि उठायच्या आधी टाचा दहा-पंधरा वेळा वर-खाली करायची सवय लावा.

चष्मा दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह असेल तर खाली बघताना पाय वाचायच्या भिंगातून दिसतात, म्हणजे धूसर. खडबडीत जागी फक्त लांबचा एकच नंबर असलेला चष्मा घालावा. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत दगडाची खोली नीट कळणार नाही, तोवर तरी खडक बंद. पायांत मुंग्या येतात का, तळव्याला वाळू जाणवते का, हेही विचारा. साखरेमुळे तळव्याची जाणीव गेली असेल तर बूट कितीही चांगले असोत, पाय सरकलेला उशिरा कळतो. साखर एकदम उतरली तर खायला खिशात साखर ठेवा, तीन चमचे म्हणजे १५ ग्रॅम.

शिसं_मोजून
पागाबद्दल.

९ फुटी म्हणजे मधल्या गाठीपासून कडेपर्यंत ९ फूट. तयार पागांना फुटाला अर्ध्या किलोच्या आसपास शिसं असतं, म्हणजे चारेक किलो, वर चिखल आणि मासे. हे सगळं कमरेतून फिरून खांद्याच्या उंचीवर सोडायचं. दुखरा खांदा नेमका तिथेच मोडतो. ६ फुटी घेतला तर शिसं पावणेतीन किलोंवर येतं. पागाखाली येणारी जागा मात्र २५४ चौरस फुटांवरून ११३ वर येते, निम्म्याहून कमी. वडील "हा पोरांचा पाग" म्हणतील, म्हणू देत. शेवटे माशांचा थवा काठाशी आला असेल तर ६ फुटी पुरतो.

दात. आपल्याकडे शिशाची कड दातात धरून टाकतात. कवळी असेल किंवा पुढचे दात हलत असतील तर हे बंद. कड डाव्या कोपरावर किंवा खांद्यावर टाकून सोडायची पद्धत आहे, अंगणात दहा-बारा दिवसांत जमते.

मनगटाचा फास. दोरीचं टोक फास करून मनगटात अडकवतात. पाग बुडालेल्या खुंटाला अडकला, पाणी ओढतंय, पाय चिखलात, आणि फास सुटत नाही: पागवाला बुडतो तो असा. वय झाल्यावर दोरी नुसती मुठीत धरायची, फास नाही. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही.

पायांत बंद बूट हवेत, कालवांची कड पात्यासारखी कापते. साखर असलेल्या माणसाला खाऱ्या-मचूळ पाण्यातली जखम छोटी समजू नका. व्हिब्रिओ नावाचा जंतू अशा कोमट पाण्यात असतो आणि साखर किंवा यकृताचा आजार असेल तर झपाट्याने पसरतो. जखम लगेच गोड्या पाण्याने आणि साबणाने धुवा. काही तासांत लाली-सूज पसरली, फोड आले, ताप आला तर त्याच दिवशी हॉस्पिटल, आणि "खाडीच्या पाण्यात कापलं" हे न विचारता सांगा.

शेंगटी माशाचे काटे तीन, एक पाठीवर, दोन कल्ल्यांमागे. टोचला तर सोसवेल एवढ्या गरम पाण्यात, सुमारे ४५ अंश, अर्धा ते दीड तास हात बुडवायचा. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या कुणीतरी कोपर बुडवून बघायचं. साखरेने बधिर झालेला हात पोळला तरी कळत नाही.

शापोराकाठ
आभार. काल चाचण्या घेतल्या. एका पायावर ६ सेकंद, खुर्चीतून ११ वेळा. विषय मिटला, त्यांनाही आकडा बघून पटलं असावं, काही बोलले नाहीत. आता जागा कुठली? आणि आहे तो १० फुटी रॉड चालेल का?

दिवाडीची_फेरी
वाळू. मिरामारसारखा सपाट किनारा, सकाळी गर्दी व्हायच्या आत. "वाळूवरची गरी ही काय गरी" म्हणणारे पुष्कळ आहेत, पण मुडदुशी वाळूतच लागते आणि खडकावर बसून ती कधी मिळत नाही.

१० फुटी रॉड आणि ८० ग्रॅम त्या खांद्याला नको. ७-८ फुटी हलका रॉड, १५ ते ४० ग्रॅम झेपणारा. रील ३००० किंवा ४०००. १५-२० पौंडांची ब्रेड (विणलेली दोरी), पुढे दोन फूट २० पौंडांची साधी नायलॉन. शिसं २० ते ३० ग्रॅम. शिशाचा तुकडा मूळ दोरीपेक्षा कच्च्या दोरीवर बांधा, म्हणजे अडकलं तर तेवढंच तुटेल आणि दोरी हाताला गुंडाळून ओढायची वेळ येणार नाही. ब्रेड बोट कापते.

गरी वर्तुळी घ्या, सर्कल हुक म्हणतात ती. हिला झटका द्यायचा नसतो, दिला तर सुटते. टोक वाकलं की बसल्या बसल्या नुसतं रील फिरवायचं, ती जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसते. म्हणजे वर सांगितलेलं ताडकन उठणंच संपलं. आमिष सुंगटाचं (कोळंबीचं), पण गरीचं टोक उघडं राहिलं पाहिजे, सगळं झाकलं तर रुतत नाही. गाठी घरी उजेडात बांधून छोट्या पिशव्यांत आठ-दहा तयार ठेवा. थरथरत्या बोटांना पालोमर गाठ सोपी: दोरी दुहेरी, डोळ्यातून पार, साधी गाठ, टोकाला राहिलेल्या फासातून गरी काढायची, ओली करून ओढायची.

रॉड हातात धरायची गरज नाही. दोन इंची पीव्हीसी पाइप, चार फूट लांब, खालचं टोक तिरकं कापलेलं, वरून दीड फुटावर आडवा बोल्ट. दीड फूट वाळूत ठोका. खुर्ची हातांची, बैठक १८ इंच. ते बुटकं घडीचं स्टूल नको, त्यावरून उठणं जमिनीवरून उठण्यासारखंच. पायांखाली फळी, नाहीतर खुर्ची रुतते.

खाडीकाठ हवा असेल तर चोडण-दिवाडीचे बांध सपाट आहेत, पण खेकड्यांच्या बिळांनी आतून पोकळ, पाय आत जातो. काठी टोचत चाला. मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) तोंडाशी बसू नका: सुकतीला दार उघडलं की पाणी जोरात ओढतं आणि तिथे तळ खणला गेलेला असतो. शिवाय मानशीची मासेमारी पावणीत (लिलावात) दिलेली असते, आतल्या पोंयीत (दारामागच्या डबक्यात) गरी टाकायची तर ठेकेदाराला विचारूनच. फेरीच्या धक्क्याचा उतार हिरवा असतो, तिथे नको. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, त्या बाजूला पाण्याच्या कडेला चिखलात बसणं नाही, पहाटे-संध्याकाळी तर मुळीच नाही.

सुकती_भरती
एक राहिलं. रॉड कार्बनचा असेल तर तो वीज वाहून नेतो. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडाट ऐकू आला की रॉड आडवा ठेवून गाडीत बसा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास. मोकळ्या वाळूवर उभा रॉड धरलेला माणूस सगळ्यात उंच असतो. माडाखालीही थांबायचं नाही. आणि बांधावर वरून जाणारी विजेची तार बघूनच रॉड मागे न्या.

शापोराकाठ
रॉड आहे तो कार्बनचाच. पाइप आजच आणते. ते विचारतायत, ९ फुटी पागाचंच शिसं काढून ६ फुटी विणता येईल का?

शिसं_मोजून
येईल. कडेची दोरी उसवून सगळं शिसं काढा, त्यातलं दोन तृतीयांशच परत लावा, गोळ्यांमधलं अंतर आधीएवढंच ठेवा. विणायला नवीन नायलॉन घ्या, उन्हात कडक झालेलं जुनं जाळं गाठीशी तुटतं. शिशाला हात लावल्यावर जेवायच्या आधी साबणाने धुवायला सांगा.