उदेरझोनंतरचा ॲस्टेरिक्स
ॲस्टेरिक्स या फ्रेंच कॉमिक्सचा मूळ चित्रकार अल्बेर उदेरझो, आणि त्याच्यानंतर ती चित्रं काढणारा दिदिए कॉनराड. हा कॉनराड उदेरझोची नुसती नक्कल करतो असं म्हणतात, ते मला अजिबात पटलं नाही. उदेरझोची ती ब्रशची जाड-बारीक होत जाणारी रेघ आहे ना, ती गिरवून येत नाही, ॲस्टेरिक्सचा जाडजूड मित्र ऑबेलिक्स, त्याच्या पोटाचा गोल एका दमात यावा लागतो, हात जरा अडखळला की तो फुगा न वाटता पोतं वाटायला लागतो. आणि गुद्दा खाऊन उडालेला रोमन सैनिक, खाली राहिलेल्या त्याच्या चपला, हे जिवंत वाटायला टायमिंग पण तेवढंच लागतं.

२०१३ च्या पिक्ट्सवाल्या, म्हणजे प्राचीन स्कॉटलंडच्या लोकांवरच्या, कॉमिक्स-अल्बमच्या वेळी आधी ठरलेला चित्रकार मध्येच बाजूला झाला होता, तरी कॉनराडने ते पेललं. त्या अल्बमच्या मुखपृष्ठावरचा ऑबेलिक्स खुद्द उदेरझोने काढलाय, नीट बघा एकदा, शेजारचा ॲस्टेरिक्स कॉनराडचा आहे आणि सांधा कुठेच दिसत नाही! किती भारी आहे हे. योगायोग म्हणजे कॉनराडचा जन्म १९५९ चा, ॲस्टेरिक्सही त्याच वर्षी पहिल्यांदा छापला गेला.

हां, गर्दीच्या चौकटींत उदेरझोच सरस, मागच्या कोपऱ्यातला माणूसही काहीतरी उद्योग करत असायचा. पण चेहऱ्यावरचे भाव? तिथे कॉनराड कुठेही कमी पडत नाही.