मराठी ओळीत लाल रेघ भलतीकडेच पडते: टोकनची जागा कशात मोजायची?

मालवण_बंदर (प्रश्न)

मच्छीमार सोसायटीच्या नोंदींसाठी एक छोटी भाषा आहे, कीवर्ड मराठीत. पार्सर (मजकुराचे टोकन, म्हणजे सुटे शब्द, ओळखून त्यांची रचना झाडासारखी मांडणारा भाग) रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत तयार आहे, आता त्याला लँग्वेज सर्व्हर (संपादकाला चुका वगैरे कळवणारा प्रोग्राम) जोडतोय. फाइलमधल्या ओळी अशा:

बंदर "मालवण" भरती ०९:४०
मासा "🐟 बांगडा" दर २४०

पार्सर प्रत्येक टोकनसोबत ओळ आणि रकाना साठवतो. रकाना म्हणजे ओळीच्या सुरुवातीपासूनचे बाइट. 'भरती'वर चूक दाखवली की व्हीएस कोड या संपादकात लाल रेघ ओळीच्या अगदी शेवटाला जाते. बाइटऐवजी कॅरॅक्टर मोजले तर पहिली ओळ बरोबर येते, पण दुसऱ्या ओळीत 'दर'ची रेघ एक घर आधी सुरू होते. शिवाय भराभर टाइप करताना जुन्या चुका क्षणभर भलत्याच ओळींवर दिसतात.

झाडात नेमकं काय साठवावं? ओळ-रकाना, की दुसरं काही? ठाऊक असल्यास सांगा, देव बरे करो.

रत्नागिरी_रस्टकार

पहिल्या दोन लक्षणांचं मूळ एकच आहे. सर्व्हर एका मापात मोजतोय आणि संपादक दुसऱ्या. एलएसपीमध्ये (सर्व्हर आणि संपादक यांच्यातल्या प्रोटोकॉलमध्ये) ओळ आणि रकाना दोन्ही शून्यापासून मोजतात, आणि वेगळं काही ठरलं नसेल तर रकाना यूटीएफ-१६ या एन्कोडिंगच्या, १६ बिटांच्या एककांत असतो.

तुमचीच ओळ घ्या. 'भरती' बाइटांत ३१ वर सुरू होतो, ४३ वर संपतो, कारण काना, वेलांटी, अनुस्वार धरून रोजच्या देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं. यूटीएफ-१६ मध्ये तोच शब्द १३ ते १७. अख्खी ओळच २३ एककांची आहे, म्हणजे ३१ आणि ४३ दोन्ही ओळीबाहेर. रकाना ओळीपेक्षा मोठा आला तर तो ओळीच्या लांबीइतका धरावा, असा प्रोटोकॉलचा नियम आहे. म्हणून रेघ टोकाला जाऊन बसते आणि एररही येत नाही. नुसत्या इंग्रजी फाइलींवर चाचणी घेणाऱ्यांना ही चूक कधी दिसतच नाही.

'दर'चे आकडे तीन: बाइट ३९, यूटीएफ-१६ एककं १७, कोडपॉइंट १६. रस्टचा कॅरॅक्टर म्हणजे कोडपॉइंट, यूनिकोडने प्रत्येक चिन्हाला दिलेला क्रमांक. माशाच्या चिन्हाचा क्रमांक ६५,५३५ च्या पलीकडचा, त्यामुळे यूटीएफ-१६ मध्ये त्याला दोन एककं लागतात. रोजच्या वापरातली देवनागरी त्या मर्यादेच्या आत बसते, म्हणून पहिली ओळ योगायोगाने जमली.

आता साठवणीचं. झाडात ओळ-रकाना अजिबात ठेवू नका. फाइलच्या सुरुवातीपासूनचा बाइट ऑफसेट ठेवा, ३२ बिटांचा पूर्णांक. ४ जीबीपर्यंतच्या फाइलला तो पुरतो. आरंभ धरायचा, शेवट वगळायचा, म्हणजे लांबी काढायला नुसती वजाबाकी आणि रिकामी जागाही दाखवता येते. रस्ट-अ‍ॅनालायझर (रस्टचा लँग्वेज सर्व्हर) आतून असंच करतो. सी++चा कंपायलर क्लँग तर सगळ्या फाइली मिळून एकाच ३२ बिटांच्या आकड्यात जागा सांगतो.

ओळ-रकाना फक्त वेशीवर काढायचा, संपादकाशी बोलताना. प्रत्येक ओळ कोणत्या बाइटवर सुरू होते याची एक यादी ठेवा. ऑफसेट आला की त्या यादीत बायनरी सर्च करून ओळ मिळते. मग त्या ओळीचा सुरुवातीपासून ऑफसेटपर्यंतचा तुकडा घेऊन त्यातली यूटीएफ-१६ एककं मोजायची. ओळ निव्वळ अ‍ॅस्की (साधी इंग्रजी अक्षरं-अंक) असेल तर मोजायचीही गरज नाही, वजाबाकीच उत्तर.

गुहागर_टर्मिनल

वरच्या उत्तरात एक भर. एलएसपीच्या २०२२ च्या ३.१७ आवृत्तीपासून माप ठरवून घेता येतं. इनिशियलाइझच्या वेळी (जोडणी सुरू होताना) संपादक आपल्याला चालणाऱ्या मापांची यादी पाठवतो, सर्व्हर त्यातलं एक निवडून उत्तरात कळवतो. हेलिक्स हा संपादक यूटीएफ-८ देऊ करतो, तिथे रूपांतर जवळजवळ फुकट पडतं. व्हीएस कोड मात्र यूटीएफ-१६च देतो, आणि सर्व्हरने ते माप सांभाळणं बंधनकारकच आहे. तेव्हा रूपांतराचा कोड लिहिण्यातून सुटका नाही. माप हा त्या एका फंक्शनचा पॅरामीटर ठेवा, कोडभर पसरू देऊ नका.

'दिसणारी अक्षरं' हे माप चुकूनही निवडू नका. 'रत्नागिरी'त कोडपॉइंट ९. जुन्या यूनिकोड नियमांनी त्याचे गट ५ पडत: र, त्, ना, गि, री. २०२३ च्या १५.१ आवृत्तीपासून जोडाक्षर एकत्र धरतात, म्हणून ४. लायब्ररी अपडेट केल्यावर सगळ्या जागा हलणार असतील तर त्या मापाचा उपयोग काय?

हाच शब्द लेक्सरलाही (टोकन पाडणाऱ्या भागाला) लावून बघा. रस्टमध्ये 'अल्फाबेटिक' तपासणीत वेलांटी आणि काना पास होतात, हलंत नापास. त्यामुळे 'मालवण' एक टोकन राहतं आणि 'रत्नागिरी' 'रत'वर तुटतं. आयडेंटिफायरसाठी, म्हणजे नावांसाठी, यूनिकोडचा एक्सआयडी-कंटिन्यू (नावात पुढे कोणती चिन्हं चालतात ते सांगणारा) गुणधर्म वापरा.

वेंगुर्ला_वारा

हलंताचा विषय निघालाच आहे तर नॉर्मलायझेशनचंही (एकाच मजकुराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याचं) बघून घ्या, कारण तिथे जागा गुपचूप सरकतात. 'वाऱ्यावर' हा शब्द ऱ हे स्वतंत्र चिन्ह वापरून लिहिला तर ८ कोडपॉइंट, २४ बाइट. काही कीबोर्ड तिथला अर्धा र हा साधा र, हलंत आणि झेडडब्ल्यूजे हे अदृश्य चिन्ह जोडून करतात. तेव्हा ९ आणि २७. ऱ असलेला शब्द एनएफडी या सुट्या केलेल्या रूपात नेला तरी ऱचा र आणि नुक्ता होऊन ९ आणि २७ च भरतात. पडद्यावर मात्र सगळं सारखंच.

पार्स करण्याआधी मजकूर 'स्वच्छ' केलात तर तुमचे ऑफसेट संपादकाकडे नसलेल्या मजकुराचे होतील. जागा नेहमी जशाच्या तशा मूळ मजकुरावर मोजा. नावांची तुलना करायची असेल तर नावाची प्रत काढून ती नॉर्मलाइझ करा. झेडडब्ल्यूजे एक्सआयडी-कंटिन्यूमध्ये बसत नाही, तेव्हा नावात हलंतानंतर आला तर चालवून घ्यायचा, हा नियम वेगळा लिहावा लागेल.

विंडोजवरच्या सीआरएलएफचंही (ओळ संपवणाऱ्या दोन बाइटांच्या जोडीचंही) तेच. वाचताना त्याचा नुसता एलएफ केलात तर दर ओळीमागे एक बाइट कमी होतो आणि हजाराव्या ओळीवर ९९९ बाइटांचा फरक पडतो. बीओएमचे (फाइलच्या सुरुवातीच्या खूणचिन्हाचे) ३ बाइट डिस्कवरच्या फाइलमध्ये असतात, संपादकाकडून आलेल्या मजकुरात सहसा नसतात. उघडी असलेली फाइल डिस्कवरून वाचूच नका.

मालवण_बंदर

ऑफसेटवर आणलं, दोन्ही ओळी जागेवर आल्या. पण टाइप करताना रेघा भलत्या ओळीवर दिसतात ते अजून तसंच आहे. बदल तुकड्यांनी घेतो, पूर्ण फाइल नाही.

रत्नागिरी_रस्टकार

दोन गोष्टी तपासा. एका डिडचेंज (मजकूर बदलल्याचं कळवणाऱ्या) संदेशात अनेक बदल आले तर ते क्रमाने लावायचे असतात: दुसऱ्या बदलाची जागा पहिला बदल लावल्यानंतरच्या मजकुरात मोजलेली असते. म्हणजे प्रत्येक बदलानंतर ओळींची यादी ताजी करायला हवी. तुम्ही सगळ्या जागा आधी ऑफसेटमध्ये बदलून मग लावत असाल तर सर्व्हरचा मजकूर बिघडतो आणि पुढचं सगळंच चुकतं. फॉरमॅटिंगसाठी तुम्ही पाठवता त्या टेक्स्टएडिटचा नियम बरोबर उलटा. त्यातल्या सगळ्या जागा मूळ मजकुराच्या, एकमेकांवर न चढणाऱ्या. ते स्वतः लावून बघायचे असतील तर शेवटाकडून सुरुवातीकडे लावा.

दुसरं, आवृत्ती क्रमांक. विश्लेषण सुरू करताना दस्तऐवजाची आवृत्ती टिपून ठेवा, चुका पाठवताना तोच क्रमांक जोडा आणि मधल्या काळात नवी आवृत्ती आली असेल तर निकाल टाकून द्या. ऑफसेटचं ओळ-रकान्यात रूपांतर करताना विश्लेषण झालेल्या मजकुराचीच यादी वापरा, सध्याच्या मजकुराची नको. तुमचं लक्षण बघता गडबड इथेच असावी असं वाटतं.

चाचणीसाठी एकच फाइल करा. त्यात 'वाऱ्यावर' दोन्ही प्रकारे लिहिलेला, माशाचं चिन्ह, टॅब, एक रिकामी ओळ, एक सीआरएलएफ ओळ, आणि शेवटच्या ओळीला न्यूलाइन नाही. शून्यापासून फाइलच्या लांबीपर्यंत, लांबी धरून, प्रत्येक बाइट ऑफसेट ओळ-रकान्यात आणि परत ऑफसेटमध्ये न्या. कॅरॅक्टरच्या सीमेवरचा ऑफसेट तसाच परत यायला हवा. अपवाद सीआर आणि एलएफच्या मधल्या जागेचा. एलएसपीत तिथे पोझिशन नसते, तेव्हा ती ओळीच्या शेवटी वळवा. आणि कॅरॅक्टरच्या मधोमध पडणाऱ्या ऑफसेटला रूपांतराने 'नाही' म्हणावं, जवळच्या सीमेवर ढकलून देऊ नये. ढकलून दिलं तर लेक्सरमधली चूक तिथेच झाकली जाते.