मदत हवी आहे: जुनी एमजीबी जीटी घेऊन उभी करावी का? आणि घ्यायची तर दोनपैकी कुठली?

स्विंडनकर

नमस्कार मंडळी,

इथल्या गाड्यांच्या धाग्यांवर पडीक असणारे बरेच जण माहितीतले आहेत, म्हणून थेट विचारतो. मी इंग्लंडात स्विंडनला असतो. एक जुनी स्पोर्ट्स कार घ्यावी आणि स्वतःच्या हाताने उभी करावी ही खाज फार जुनी आहे. लेक यंदा युनिव्हर्सिटीला गेली, शनिवार-रविवार मोकळे झाले. बायकोनेही "एकदाचं काय ते कर, पण रोज रात्री जाहिराती चाळणं बंद कर" असं बजावलंय. याला मी परवानगी समजतो.

एमजीबी (एमजी कंपनीची जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार) नक्की केली आहे. १९६२ ते १९८० पर्यंत ती अ‍ॅबिंग्डनला बनत होती, म्हणजे आमच्यापासून तासाभराच्या आत. पाच लाखांच्या वर निघाल्या, त्यामुळे सुटे भाग आजही नवे मिळतात. दोन सीटांची उघडी गाडी इथल्या पावसात नको, म्हणून छतवाली जीटी.

सध्या दोन गाड्या डोक्यात आहेत.

एक १९७३ ची. क्रोम बंपर, टील ब्लू रंग, ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिन कमी फिरवणारा जादा गिअर) आहे. चावी फिरवली की चालू होते, आवाज ऐकूनच मी अर्धा विकला गेलो. मालक एक वयस्कर गृहस्थ, अडीच हजार पौंड म्हणतात. "थोडंसं वेल्डिंग केलंत की झालं," असं त्यांचं म्हणणं. ड्रायव्हरच्या बाजूला, पुढच्या चाकाच्या मागे खाली रंग फुगलाय. अंगठा दाबला तर पत्रा आत जातो. दार लावताना किंचित वर उचलावं लागतं. बाकी खालून मात्र एकदम काळीभोर, नुकतंच अंडरसील (गंज लागू नये म्हणून खालच्या पत्र्याला फासतात तो काळा लेप) मारलेलं आहे.

दुसरी १९७८ ची. काळे रबर बंपर, तपकिरी रंग, आतल्या सीटना सर्कशीच्या तंबूसारखे पट्टे, तेही उंदरांनी कुरतडलेले. एका शेतावरच्या कोरड्या शेडमध्ये कित्येक वर्षं उभी आहे. इंजिन फिरत नाही. अकराशे पौंड. दिसायला बापडी आहे, पण पत्रा मला तरी बरा वाटला.

माझी लायकी: नाशिकला वडिलांच्या पद्मिनीवर हात साफ केलाय. पॉइंटचा गॅप हॅकसॉच्या पात्याने लावणे, कार्बोरेटर खोलून धुणे, ब्रेकमधली हवा काढणे इतपत येतं. वेल्डिंग शून्य. घराला एक गाडीपुरतं गॅरेज आहे, आतून जेमतेम आठ फूट रुंद. गाडी धरून सात हजार पौंडांच्या पुढे जायचं नाही.

मन पहिलीकडे ओढतंय. डोकं कुठे ओढतंय ते अजून कळलेलं नाही. काय करू?

तिरकस_नजर

खाज आहे तर मलम लावा, सात हजार पौंड वाचतील.

पत्राठोक

स्विंडनकर, दापोडीच्या एसटी वर्कशॉपात उमेदवारी केली आणि पुढे कॉव्हेंट्रीत आयुष्य पत्रे ठोकण्यात गेलं, म्हणून अधिकाराने सांगतो. त्या मालकाचं "थोडंसं वेल्डिंग" ऐकून मला घाम फुटला.

या गाडीला वेगळी चॅसी नाही. दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जो पत्र्याचा डबा जातो, ज्याला इथे सिल म्हणतात, त्याच्यावर गाडीचा जीव आहे. तो एक पत्रा नसतो. बाहेरचा एक, मध्ये उभा पडदा, आतला एक आणि खाली कॅसल रेल नावाची पट्टी, असं सगळं मिळून ते खोकं होतं. पुढच्या मडगार्डच्या आत चिखल साठतो, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ त्यात मुरतं आणि खोकं आतून कुजतं. बाहेर फुगा दिसतो तोवर आतला पडदा बहुतेकदा संपलेला असतो.

तुमचा अंगठा आत गेला, म्हणजे तिथे पत्रा नाहीच, रंग आणि पुटी आहे. दार उचलून लावावं लागतं याची दोन कारणं असू शकतात. बिजागरी झिजली असेल तर नशीब. नाहीतर गाडी मधून खचली आहे. जीटीला छताचा आधार असतो म्हणून ती उघड्या गाडीपेक्षा उशिरा खचते. पण जीटी खचली तर काम फार लांब गेलंय असं समजायचं.

आणि ते ताजं अंडरसील. विकायच्या आधी कोणी गाडीला खालून काळं फासलं, तर मी टॉर्च बंद करून घरी जातो.

आता तपासायचं कसं. मालकाची परवानगी घेऊन जॅक लावा, गाडीच्या स्वतःच्या जॅकिंग पॉइंटलाच. आधी दार उघडून लावून बघा, दाराच्या मागच्या कडेची फट वर किती आणि खाली किती ते डोळ्यात भरून घ्या. मग चाक सुटेपर्यंत उचला आणि पुन्हा दार उघडून लावा. फट तशीच राहिली तर सिलमध्ये दम आहे. दार अडकायला लागलं तर गाडी वाकतेय. जॅकच पत्र्यात घुसला तर पुढचं तपासायची गरज नाही. मालक जॅक लावूच देत नसेल, तरी उत्तर मिळालंच. शिवाय आतला गालिचा उचला आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने सिलवर वाजवत जा. चांगला पत्रा खणखणतो, पुटी भरलेला बद्द वाजतो. मागचे कमान पाटे जिथे अडकवलेत तिथेही वाजवा.

हीच परीक्षा दोन्ही गाड्यांची घ्या आणि मग इथे लिहा.

मावळातला_मोटारवेडा

पत्राठोककाका बरोबरच बोलतायत, पण रबर बंपर? अहो, अमेरिकेच्या नियमांपायी १९७४ च्या अखेरीला त्यांनी त्या सुंदर गाडीला काळे जबडे लावले, वर दीड इंच उंच करून ठेवली. वळणावर ती डुलते असं सगळीकडे वाचलंय. आयुष्यात एकदाच घ्यायची तर मनातली घ्यावी ना!

पत्राठोक

मावळातल्या, वाचलंस खरं, चालवलीस का? १९७६ च्या उन्हाळ्यानंतर कंपनीने पुढे-मागे अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलंडू न देणारे दांडे) दिले, त्याने ती डुलणारी तक्रार बरीच कमी झाली. १९७८ ची गाडी त्यातली आहे. उंची खाली आणायचे किटही मिळतात. कुजलेलं सिल जिवंत करायचं किट मिळत नाही.

सौ_स्टीअरिंग

स्विंडनकरदादा, आमच्याकडे लेस्टरला हे महाभारत होऊन गेलंय म्हणून बायकांच्या बाजूने चार ओळी.

पहिलं, आठ फुटी गॅरेज. गाडी पाच फूट रुंद आहे. दोन्हीकडे दीड-दीड फूट उरतो. त्यात इंजिनचं काम होतं, कारण ते पुढून करायचं असतं. सिलचं काम बाजूने करायचं, तेही दार लावलेलं ठेवून, दर टाक्याला फट तपासत. दीड फुटात वेल्डिंगचा मास्क घालून बसायला जागा तरी आहे का? आम्ही शेवटी गाडी ड्राइव्हवेवर आणली आणि शेजाऱ्यांशी बोलणं बंद झालं.

दुसरं, पत्रे स्वस्त आहेत, मजुरी महाग. दोन्ही बाजूंच्या सिलसाठी आम्हाला तीन हजारांच्या आसपासचे दर मिळाले होते आणि तेही "उघडल्यावर अजून काय निघेल ते निघेल" या अटीवर. निघतंच. विटनीला ब्रिटिश मोटर हेरिटेज अख्खा नवा सांगाडा बनवून विकते, १९८८ पासून, पण त्याची नुसती किंमतच तुमचं बजेट ओलांडून जाईल.

तिसरं, आणि हे तुम्हाला आवडणार नाही. सात हजारांत तुम्हाला चालती-फिरती, कोणीतरी आधीच पैसे ओतलेली जीटी मिळते. पुढच्याच रविवारी तीत बसून कॉट्सवोल्ड्सला जाता येईल. तुम्हाला गाडी हवी आहे की काम हवंय, ते आधी ठरवा. आमच्या ह्यांना काम हवं होतं. गाडी पूर्ण झाल्यावर वर्षभरात विकली.

स्विंडनकर

ताई, प्रश्न वर्मावर बसला. प्रामाणिक उत्तर, काम हवंय. ऑफिसात दिवसभर स्प्रेडशीट बघून संध्याकाळी हाताला काही लागत नाही. चालती गाडी घेतली तर मी रविवारी ती धुवून पुन्हा जाहिराती बघत बसेन.

काका, दोन्हीकडे जाऊन आलो. निळीच्या मालकांनी जॅक लावू दिला, माणूस भला आहे. त्यांनाही आत काय आहे हे माहीत नसावं. जॅक घुसला नाही, पण "कर्रर्र" असा आवाज आला, अंडरसीलची एक खपली आणि मूठभर लाल भुगा फरशीवर पडला. दार वरच्या कोपऱ्यात घासायला लागलं. आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग त्यांनी चहा विचारला.

तपकिरीची फट उचलण्याआधी आणि नंतर सारखीच. गालिच्याखाली फॅक्टरीचा रंग दिसतो. डाव्या बाजूला पायाशी एक भोक आहे, एक रुपयाच्या नाण्याएवढं, आणि टेलगेटच्या (मागच्या दाराच्या) खालच्या कडेला गंज. बाकी सगळीकडे खणखणीत. इंजिन मात्र हलत नाही. घाबरावं का?

पत्राठोक

इंजिनाला काय घाबरायचं! १७९८ सीसीचं बिडाचं धूड आहे ते. आपल्या अँबॅसडरचं १४८९ सीसीचं इंजिन याच बी-सिरीज घराण्यातलं, ते अर्ध्या भारतातल्या झाडाखालच्या मेस्त्र्यांनी खोललंय. पद्मिनी केलीत म्हणता, मग हे तुमच्या आवाक्यातलं आहे.

स्टार्टर अजिबात मारू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ तेल निम्मंनिम्मं ओता, आठवडाभर विसरून जा. मग चौथ्या गिअरमध्ये टाकून गाडी हाताने पुढे-मागे हलवा. कोरड्या शेडमधली असेल तर बहुतेक सुटेल. सुटली की जुनं तेल काढा, नवं भरा, प्लग न लावता फिरवून ऑइल प्रेशर वर आलेलं बघा, मगच पेट्रोलचा विचार.

क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते. यात एक गोम आहे. या गाडीचा गिअरबॉक्स एकटा खालून निघत नाही, क्लच करायचा तर इंजिन, एकटं किंवा गिअरबॉक्ससकट, पुढून वर काढावंच लागतं. म्हणजे इंजिन क्रेन भाड्याने आणावी लागेल. मग काढलंच आहे तर हेडही उतरवा आणि अनलेडेड (शिसं नसलेल्या) पेट्रोलला चालतील अशा कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या.

पेट्रोलचे रबरी पाइप सगळे फेकून द्या. २०२१ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुनं रबर खातं. पाइप नवे घ्या आणि सुपर ई-फाइव्हच (पाच टक्क्यांपर्यंतच इथेनॉल असलेलं) भरा. पेट्रोल पंप मागच्या चाकाजवळ असतो, चावी दिली की टिकटिकतो. टिकटिकला नाही तर पाठीत एक हलकी थाप द्यायची. ही थट्टा नाही, तिथे कॉन्टॅक्ट पॉइंट आहेत.

त्या भोकासाठी वेल्डिंग शिका. फ्लोअरचा सपाट तुकडा शिकायला उत्तम, सिलवर कोणी पहिला टाका घालू नये.

सौ_स्टीअरिंग

कागद बघितलेत का? व्ही-फाइव्ह-सी, म्हणजे गाडीचं लॉगबुक, विकणाऱ्याच्या नावावर आहे ना? त्यावरचा चॅसी नंबर गाडीवरच्या प्लेटशी स्वतः ताडून बघा. चाळीस वर्षांच्या वरची गाडी म्हणून रोड टॅक्स लागणार नाही आणि मोठे बदल केलेले नसतील तर एमओटीही (गाडीची वार्षिक सुरक्षा तपासणी) सक्तीची नाही. पण रस्त्यावर काढण्याआधी एकदा मुद्दाम एमओटी करून घ्याच. आपल्या हातचे ब्रेक दुसऱ्याने तपासलेले बरे. आणि तोवर सॉर्न, म्हणजे गाडी रस्त्यावर नाही असं सरकारला कळवणं, भरून ठेवा.

तिरकस_नजर

मी टिंगल केली होती, पण आता रोज हा धागा उघडतोय. कितीला दिली?

स्विंडनकर

तपकिरीच घेतली, साडेनऊशेला ठरली. लॉगबुक त्यांच्याच नावावर आहे, नंबर जुळला. बायकोने सीटचं कापड बघून "हे पट्टे बदलायचे नाहीत" असं फर्मान काढलंय, त्यामुळे आता ते कापड शोधणं आलं. कुठे मिळत असेल तर सांगा.

आणि एक तातडीचं. शनिवारी गाडी उचलायची आहे. माझी हॅचबॅक ट्रेलरसकट हे वजन ओढू शकणार नाही, म्हणून उचलून नेणारा ट्रक सांगितलाय. तो म्हणतो चाकं फिरत असतील तर एक दर, नाहीतर दुप्पट. पुढची दोन्ही फिरतात. मागची हलत नाहीत.

पत्राठोक

हँडब्रेक ओढून ठेवलेला असणार, शू ड्रमला चिकटलेत. हँडब्रेक सोडा, गाडी स्टँडवर घ्या, चाक काढून ड्रमच्या कडेने गोल फिरत लाकडी हातोड्याने ठोका, मधूनमधून अ‍ॅडजस्टर सैल करा. शुक्रवारी संध्याकाळीच जा, शनिवारी ट्रकवाला समोर उभा असताना हे करू नका.