'प्रोगोनोस' : पूर्वज की वडीलधारे?

बायबलच्या नव्या करारातल्या, पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (५:४) विधवांविषयी सूचना आहेत. विधवेला मुलं-नातवंडं असतील तर त्यांनी आधी घरच्यांशी नीट वागायला शिकावं आणि 'प्रोगोनोस' मंडळींची परतफेड करावी, असा साधारण मजकूर. कोशात या ग्रीक शब्दाचा अर्थ 'पूर्वज' दिलाय. पूर्वजांची परतफेड कशी करायची? श्राद्धपक्ष तर नसणार! कुणी उलगडून सांगेल का?

---

श्राद्ध नाही, भाकरी. :)

'प्रो' म्हणजे आधी, 'गोनोस' म्हणजे जन्म, संतती. आधी जन्मलेला तो प्रोगोनोस. आपला 'पूर्वज' याच मापाचा. गंमत पुढेच आहे. 'प्रो' आणि संस्कृत 'प्र' सख्खे भाऊ. 'गोनोस' आणि 'जन' हेही तसेच. आता आपल्याकडे प्र आणि जन् जोडून पाहा: प्रजा, म्हणजे लेकरंबाळं! तुकडे तेच, पण ग्रीक माणूस त्यांतून वर आजोबांकडे बघतो आणि संस्कृतवाला खाली नातवाकडे.

या शब्दात मरणाचा उल्लेख कुठेच नाही. माणूस आपल्या आधी जन्मलेला असला की पुरे, मग तो हयात असो वा नसो. या वचनातली विधवा तर जिवंत आहे, आणि मंडळीवर (म्हणजे चर्चवर) तिच्या पोटापाण्याचा भार पडू नये म्हणून पोरांना जबाबदारीची आठवण करून दिलीय. म्हणजे इथे आई आणि आजी. त्याच वाक्यात नातवंडांसाठी 'एक्गोना' आलाय, त्याच 'गोन'चा. एक शब्द वर जाणारा, एक खाली येणारा, जोडी जमवून लिहिलंय.

मराठीत मात्र 'पूर्वज' म्हटलं की भिंतीवरचा हार घातलेला फोटोच डोळ्यांपुढे येतो. आमच्या आजीला तिच्या हयातीत कुणी पूर्वज म्हटलं असतं तर पदर खोचून उठली असती. माझ्या मते इथे 'वडीलधारे' हवं, किंवा सरळ 'आईवडील, आजीआजोबा'.

---

मग दुसरीकडे कुठे हा शब्द आलाय तिथेही वडीलधारेच म्हणायचं का?

---

नव्या करारात तो दोनदाच येतो. दुसऱ्यांदा तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (१:३): ज्या देवाची सेवा मी 'अपो प्रोगोनोन', म्हणजे वाडवडिलांपासून चालत आल्याप्रमाणे, करतो. तिथे 'पूर्वज' किंवा 'वाडवडील' चपखल बसतं. जुन्या लॅटिन भाषांतरानेही हा फरक ओळखला होता. व्हल्गेटमध्ये पहिल्या जागी 'पारेन्तिबुस' (आईवडील) आणि दुसऱ्या जागी 'प्रोगेनितोरिबुस' (पूर्वज) आहे. ग्रीक शब्द एक, लॅटिन दोन. तेव्हा मराठीतही दोन वापरायला कुणाची हरकत नसावी.

---

'पितर' का नको? ग्रीकमध्ये 'पातेर' आहेच की.

---

आहे, आणि 'पातेरेस' हा अनेकवचनी शब्द पूर्वजांसाठी कितीतरी जास्त वेळा येतो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ७ मधलं स्तेफनाचं भाषण वाचा, 'आमचे पातेरेस' पुन्हा पुन्हा येतात. व्युत्पत्तीने ते आपले 'पितरः'च. पण मराठीत पितर म्हणजे भाद्रपदात पानाची वाट बघणारे. मोशेला आणि दाविदाला त्या पंगतीत कशाला बसवायचं?

रोमकरांस पत्रात (४:१) अब्राहामासाठी 'प्रोपातोर' असा आणखी एक शब्द आहे. नव्या करारात तो तेवढाच एकदा, आणि तोही सगळ्या हस्तलिखितांत नाही. बऱ्याच नंतरच्या प्रतींत तिथे साधं 'पातेर' आहे. त्याला 'मूळपुरुष' म्हणावं असं मला वाटतं.

---

माझी एक भर. सिराख या जुन्या यहुदी बोधवचनांच्या ग्रीक पुस्तकात (८:४) सल्ला आहे की अडाण्याशी थट्टामस्करी करू नकोस, नाहीतर तुझ्या 'प्रोगोनोइ'चा अपमान होईल. सात पिढ्यांचा उद्धार तिकडेही होत होता म्हणायचा!

आणि आजच्या ग्रीकमध्ये हा शब्द बोलायचा झाला तर जोर सांभाळा. पहिल्या अक्षरावर जोर दिला तर पूर्वज. शेवटच्यावर दिला तर सावत्र मूल, म्हणजे जोडीदाराचं आधीच्या लग्नाचं. तेही 'आधी जन्मलेलं'च की.