प्रिन्स ऑफ पर्शियाचा दुसरा भाग लेकीसोबत खेळावा का? सल्ला हवा आहे

रानजाई

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत लेक आणि मी, दोघींनी मिळून ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ पूर्ण केला. ती बारा वर्षांची आहे. भिंतीवरून पळणं, उड्या, मारामारी माझ्याकडे आणि कोडी तिच्याकडे, अशी वाटणी होती. आरशांचं, चाकांचं, तरफांचं सगळं तिने सोडवलं. प्रिन्स मेला की त्याचाच आवाज येतो ना, “नाही नाही, असं नव्हतं झालं”, ते तिला इतकं आवडलं की आता घरात पेला सांडला तरी ती तेच म्हणते.

शेवट मात्र तिला पचला नाही. काळ मागे फिरला, सगळं पुसलं गेलं, सोबत लढलेल्या राजकन्या फराहला काहीच आठवत नाही, आणि तो तिच्यासमोर उभा! दोन दिवस एकच प्रश्न, “पुढच्या भागात तिला आठवेल ना?”

म्हणून सेलमध्ये ‘वॉरियर विदिन’ घेतला आणि ती झोपल्यावर आधी एकटीने लावून पाहिला. वादळ, जहाज, धडावेगळी होणारी मुंडकी, जहाजावर भिडणाऱ्या त्या शत्रू शाहदीचे कपडे, आणि प्रिन्सच्या तोंडी शिवी. अर्ध्या तासात बंद केला. हा तोच मुलगा आहे यावर माझा विश्वास बसेना. आवाजसुद्धा वेगळा.

हे पुढे निवळतं का? तिला दाखवता येईल का? नसेल तर तिला काय सांगू? आणि मी तरी एकटीने खेळावा का? कारण त्या पोराचं पुढे काय झालं हे मलाही जाणून घ्यायचं आहे.

तळजाई

रानजाई ताई, बारा वर्षांच्या मुलीला नको. पहिल्या भागाला अमेरिकेत ‘टी’ म्हणजे तेरा वर्षांपुढचं मानांकन होतं, याला ‘एम’, म्हणजे सतरा वर्षांपुढचं. आणि ते निवळत नाही. जहाजावर दिसलं ते शेवटपर्यंत आहे.

पण तुम्ही खेळा. नक्की खेळा.

आवाज वेगळा वाटला तो बरोबर ओळखलात. पहिल्या भागात युरी लोवेन्थाल होता, दुसऱ्यात रॉबिन ॲटकिन डाउन्स. पहिला भाग २००३ च्या अखेरीस आला आणि हा २००४ च्या अखेरीस, जेमतेम वर्षभरात. कथेत मात्र मधे सात वर्षं गेली आहेत. सात वर्षं तो माणूस नुसता पळतोय. पहिल्या भागात त्याने काळाची वाळू मोकळी केली आणि मग काळच मागे फिरवून सगळं निस्तरलं. आपल्याला वाटलं, सुटला. पण ज्याने वाळू मोकळी केली त्याने मरायचं होतं, आणि तो मेला नाही. ती चूक दुरुस्त करायला दहाका, म्हणजे काळाचा राखणदार राक्षस, त्याच्या मागे लागलाय. पहिला भाग संपताना आपण सुटकेचा श्वास सोडतो, त्या श्वासाची किंमत हा भाग मागतो. म्हणून मला ही कथा पहिल्या भागाशी बेइमान वाटत नाही. रागीट, तुटक बोलणारा, कुणावर भरवसा न ठेवणारा प्रिन्स हा त्याच मुलाचा सात वर्षांनंतरचा चेहरा आहे.

दहाकाबद्दल थोडं सांगतो, कारण या गेमचा जीव त्याच्यात आहे. मी हा खेळलो २००५ साली, हॉस्टेलच्या खोलीत, तिघांत मिळून घेतलेल्या संगणकावर. रात्री मेसचं जेवण झालं की दिवा बंद करून बसायचो. तुम्ही एखाद्या बोळातून शांतपणे चालत असता आणि अचानक पडद्यावरचा सगळा रंग उडतो, जुन्या पिवळट फोटोसारखं दिसायला लागतं, मागून काळे धागे सळसळत येतात. तलवार काढून उपयोग नाही. त्याला मारताच येत नाही, फक्त पळायचं. भिंत, खांब, उडी, परत भिंत, आणि एक बटण चुकलं की संपलं. त्याला पाणी ओलांडता येत नाही. पाण्याचा पडदा पार करून मागे वळून पाहिलं की तो पलीकडे थांबलेला दिसतो. त्या वेळी खोलीतले तिघेही एकदम श्वास सोडायचो. नंतर मी पुष्कळ गेम खेळलो, पण ‘मागे काहीतरी येतंय’ ही भीती इतकी खरी कुठेच वाटली नाही.

निळीशाई

तळजाई, दहाकाबद्दल बोललात ते सगळं मान्य. पण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय असं मला वाटतं.

कथेचा काळोख वेगळा आणि त्यावर चढवलेला साज वेगळा. दैवापासून पळणारा माणूस ही कथा काळीच असायला हवी. पण शाहदीला ते असले कपडे कशासाठी? कॅमेरा तिच्याकडे ज्या नजरेने पाहतो ते कशासाठी? मारामारी सुरू झाली की गॉडस्मॅक या बँडचं हार्ड रॉक कशासाठी? पहिल्या भागातलं स्टुअर्ट चॅटवुडचं संगीत आठवा, इराणी वळणाचे सूर आणि खाली गिटार. तो बाज दुसऱ्यात बऱ्याच ठिकाणी दबून गेला. ज्याने १९८९ मध्ये मूळ प्रिन्स एकट्याने घडवला आणि २००३ च्या भागाची कथा लिहिली, तो जॉर्डन मेकनर दुसऱ्या भागाच्या घडणीत नव्हता. त्याची कलात्मक दिशा आणि हिंसा आपल्याला आवडली नाही, हे त्याने नंतर जाहीरपणे सांगितलं आहे.

मला सगळ्यात जास्त लागलं ते फराहचं नसणं. फराह धनुष्य चालवायची, भिंतीच्या फटीतून पलीकडे जाऊन दार उघडायची, प्रिन्सला तोंडावर सुनवायची. त्यांच्या बोलण्यातून तो हळूहळू मोठा होत गेला. तिच्या जागी इथे काय आलं? या भागातलं मुख्य स्त्रीपात्र कैलीना, तिला मोनिका बेलुचीचा आवाज आहे आणि कथेत तिचं दुःखही खरं आहे, पण लिहिणाऱ्यांनी तिला फराहएवढी मोकळीक दिली नाही. ताई, तुमच्या लेकीने फराहसाठी डोळे पुसले आहेत. हा फरक तिच्या नजरेतून सुटणार नाही, आणि तो तिला दुखावेल.

तिच्यासाठी दुसरं सुचवते: ‘द लेजंड ऑफ झेल्डा: मजोराज मास्क’. तोही एका लाडक्या गेमचा काळोखा उत्तरभाग आहे. १९९८ च्या ‘ओकारिना ऑफ टाइम’नंतर २००० साली आला, बरीच पात्रं आणि चेहरे आधीच्याच गेममधून उचललेले. पण कथा अशी, की आकाशातला चंद्र खाली येतोय, तीन दिवसांनी आदळणार, आणि गावातल्या प्रत्येकाला ते हळूहळू कळतंय. तुम्ही तेच तीन दिवस पुन्हा पुन्हा जगता. रक्ताचा थेंब नाही, मुलांना चालेल असंच मानांकन आहे, तरी शेवटच्या रात्री घड्याळाचे ठोके पडायला लागले की पोटात गोळा येतो. काळ मागे नेण्याची ओढ तिला लागलीच आहे, हा गेम तिला धरून ठेवेल. शेजारी बसून खेळा.

तळजाई

कपड्यांबद्दल आणि कॅमेऱ्याबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, मला ते खटकलं नाही. आज खटकतं. गाण्यांचंही तसंच. पण पिळवटलेला प्रिन्स मात्र मला अजूनही खराच वाटतो, त्यावर मी ठाम आहे.

गाथापाठ

‘दहाका’ या नावावरून राहवलं नाही म्हणून लिहितो. हे नाव अवेस्तातलं, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथातलं आहे, अझि दहाक. ‘अझि’ म्हणजे साप. आपल्या संस्कृतातला ‘अहि’ तोच शब्द, इंद्राने मारलेला वृत्र हा अहिच. अवेस्तात अझि दहाकाला तीन तोंडं, तीन डोकी आणि सहा डोळे आहेत. पुढे फिर्दौसीच्या महाकाव्यात तो झह्हाक नावाचा जुलमी राजा झाला, ज्याच्या दोन्ही खांद्यांवर साप उगवले. फरीदून नावाच्या वीराने त्याला दमावंद पर्वतात जखडून ठेवलं. त्याच्यात काळाचा राखणदार वगैरे काही नाही, ते गेमवाल्यांनी जोडलं. नाव घेतलं आणि बहुधा ते सळसळणारे काळे धागे सापांवरून सुचले असावेत.

रानजाई, लेकीला गोष्टींची आवड असेल तर झह्हाक आणि फरीदूनची गोष्ट सांगा. कावा लोहार आपलं चामड्याचं अंगवस्त्र भाल्यावर लावून निशाण करतो, तो प्रसंग तिला नक्की आवडेल.

खडकीचा_खेळिया

चर्चा छान चालली आहे. ताई खेळणारच असतील तर कामाचं सांगतो.

या भागात सेव्ह फक्त कारंज्यांवर होतं. पाणी प्यायचं, तब्येत भरते, तिथेच सेव्ह. एकाच सेव्हवर पुन्हा पुन्हा लिहू नका, तीन-चार वेगवेगळे ठेवा. माझा गेम एकदा अशा जागी अडकला की मागे जायला सेव्हच नव्हता, सगळा गेम पहिल्यापासून खेळावा लागला.

दुसऱ्या हातातलं शस्त्र शत्रूकडून हिसकावता येतं, भिंतीवरच्या घडवंचीवरूनही घेता येतं. ते वापरून वापरून मोडतं, म्हणून जिवाला जपून ठेवू नका, फेकून मारा आणि दुसरं घ्या. लढाई पहिल्या भागापेक्षा कितीतरी मोकळी आहे. खांबाला धरून गरकन फिरत चौघांना उडवता येतं.

सगळ्यात महत्त्वाचं: आयुष्य वाढवणाऱ्या नऊ जागा आहेत. प्रत्येक जागा सापळ्यांनी भरलेल्या बोळाच्या टोकाला लपवलेली आहे. नऊच्या नऊ घेतल्या तरच पाण्याची तलवार मिळते, आणि ती मिळाली तरच खरा शेवट दिसतो. तिसरा भाग त्याच शेवटाला धरून सुरू होतो. पुढे काही वाटा बंद होतात, तेव्हा “नंतर येऊन घेईन” म्हणू नका.

आता पुढच्या परिच्छेदात कथा फुटते, न खेळलेल्यांनी गाळावा.

हा भाग ज्या बेटावर घडतो तिथे अधूनमधून एक काळी, वाळूने झिजलेली आकृती दिसते. एकदा वाटतं ती आपल्याला मारायला आली आहे. मग दहाका आपल्या डोळ्यांसमोर तिलाच ओढून नेतो. अर्ध्याहून जास्त गेम झाल्यावर मुखवटा मिळतो आणि कळतं की ती आकृती म्हणजे आपणच. मग तेच प्रसंग दुसऱ्या बाजूने खेळायचे. मुखवटा असेपर्यंत तब्येत आपोआप गळत राहते आणि काळ मागे फिरवायला लागणारी वाळू आपोआप भरते, त्यामुळे थांबायची सोयच नाही. १९८९ चा मूळ गेम ज्यांनी खेळलाय त्यांना आरशातून बाहेर पडलेली सावली आठवेल. तिच्याशी लढलं की आपलंच रक्त कमी व्हायचं, तलवार म्यान करून सरळ तिच्या अंगात शिरायचं हाच उपाय. मी शाळेच्या लॅबमध्ये कितीतरी दिवस त्या सावलीला मारत होतो. मुखवट्याचा प्रसंग आला तेव्हा मला ती सावली आठवली, आणि वाटलं, मेकनर नसला तरी या लोकांनी मूळ गेम मन लावून खेळलाय.

जाता जाता: पहिल्या भागाचा रीमेक २०२० साली जाहीर झाला तेव्हा काम युबिसॉफ्टच्या, म्हणजे हे गेम काढणाऱ्या कंपनीच्या, पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं. २०२२ मध्ये ते त्यांच्याच मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं. फराह ही हिंदुस्थानच्या महाराजांची मुलगी आणि पहिला भाग सुरूच होतो त्या महाराजांच्या राजवाड्यात. तो महाल आपल्या पोरांच्या हातून पुन्हा उभा राहिला असता तर मला फार आनंद झाला असता.

निळीशाई

ताई, एक राहिलं. लेकीच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: फराह परत येते, पण तिसऱ्या भागात, २००५ च्या ‘द टू थ्रोन्स’मध्ये. युरी लोवेन्थालचा आवाजही परत येतो. हिंसा त्यातही आहे, तेव्हा तोही तिला आणखी काही वर्षांनीच द्या. पण फराह येते एवढं आज सांगायला हरकत नाही.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडा गेला म्हणून इथे काय झालं ते लिहिते.

निळीशाई, तुमचं ऐकून लेकीला सरळ सांगितलं की हा भाग तुझ्या वयाचा नाही, यातली भांडणं फार रक्ताळलेली आहेत. तिने विचारलं, “फराह?” मी म्हटलं, तिसऱ्यात आहे. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “म्हणजे मधला पूर्ण भाग तो एकटाच आहे?” मला तिथे एकदम गलबलून आलं.

मजोराज मास्क सुरू केलाय. शाळेतून आली की दप्तर टाकून आधी “चंद्र किती खाली आला?” हेच विचारते. कावा लोहाराची गोष्ट दोनदा सांगून झाली.

आणि वॉरियर विदिन मी रात्री एकटी खेळते. तळजाई, पहिल्याच पाठलागात दहाकाने मला अकरा वेळा धरलं. बाराव्या वेळी पाणी ओलांडलं आणि कंट्रोलर मांडीवर ठेवून पाच मिनिटं नुसती बसून राहिले. सकाळी डबा भरताना लेक विचारते, “कुठवर पोचला?” मग मी कपडे, शिव्या, मुंडकी सगळं वगळून तिला तेवढा भाग सांगते. मधे माझं काही चुकलं, आधीचं नंतर झालं, की ती पोळी गुंडाळता गुंडाळता म्हणते, “नाही नाही, असं नव्हतं झालं, परत सांग.”

आता मोठ्या दालनात आले आहे. कैलीनाने दोन मनोरे चालू करायला सांगितलेत, एक बागेचा, एक यंत्रांचा. आधी कुठला घेऊ? आतापर्यंत आयुष्याच्या दोन जागा मिळाल्या आहेत.

खडकीचा_खेळिया

कुठलाही आधी घेतला तरी चालतो. मी बागेचा घेतला होता. वर्तमानात पडझड झालेला आणि वेलींनी भरलेला दिसतो, भूतकाळात गेलात की तीच बाग बहरलेली असते. तिथे थोडं थांबून बघा. आणि आत शिरायच्या आधी कारंज्यावर सेव्ह करा, नव्या जागी.