गृहविज्ञान म्हणजे मुलींना परत चुलीपाशी बसवणं?

तलावपाळी (धागा सुरू)

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काल एका पालकांनी लिहिलं, "मुलीच्या शाळेत नववीला गृहविज्ञान घ्या म्हणतायत. या काळात मुलींना परत चुलीपाशी बसवायचं चाललंय. कोडिंग शिकवा, पोळ्या घरी शिकेल." खाली अंगठ्यांची रांग. रात्रभर डोक्यात घोळत राहिलं, म्हणून इथे लिहितेय. मी वीस वर्षं हाच विषय शिकवला आहे.

अंगठे देणाऱ्यांपैकी किती जणांनी पुस्तक उघडून बघितलंय? केंद्रीय बोर्डाच्या नववी-दहावीत वाढ आणि विकास आहे, पोषण आहे, वेळ-पैसा-श्रम यांचं नियोजन आहे, ग्राहकाचे हक्क, भेसळ, घरातली सुरक्षितता, कापडाची निवड आणि निगा आहे. रांधणं त्यातला एक तुकडा.

माझ्या वर्गात हळदीचा प्रयोग असायचा. मुलं घरची हळद पुडीत बांधून आणायची. परीक्षानळीत हळदीचं पाणी, त्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब. रंग लालसर-जांभळा होतो, तो शुद्ध हळदीचाही होतो, म्हणून पोरं लगेच ओरडायची, "बाई, भेसळ!" मग वरून पाणी ओतायचं. रंग गेला तर हळद बरी. टिकला तर त्यात मेटॅनिल यलो, म्हणजे भेसळीचा कृत्रिम पिवळा रंग. एका वर्षी एका मुलीची नळी तशीच जांभळी राहिली. तिचे वडील सुटी हळद विकायचे. ती पुडी मुठीत घेऊन घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी वडील शाळेत आले, भांडायला नव्हे, घाऊक व्यापाऱ्याचा माल तपासून द्याल का विचारायला. याला चूल म्हणायचं का?

सातवा मजला

ताई, तुमच्या वर्गाबद्दल आदर आहे. पण तो पालक चुकलेला नाही. १९९१ साली मी आठवीत होते. शुक्रवारी शेवटचे दोन तास मुलगे विज्ञान मंडळात जायचे, विजेरीवर चालणारी घंटा वगैरे करायचे. आम्ही मुली शिवणाच्या खोलीत. धावदोरा, उलटी टीप, काज. माझं काज कधी सरळ आलं नाही आणि बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सासरी काय करशील?" तेरा वर्षांची होते मी. आज स्वतःच्या पैशांनी घर घेतलंय घोडबंदर रोडला, तरी ते वाक्य जात नाही.

आणि आकडेच हवेत तर २०१९ चं सरकारी वेळ-वापर सर्वेक्षण बघा. स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, करणाऱ्या पुरुषाची ९७. मुळात करतात किती? बायका ८१ टक्के, पुरुष २६ टक्के. या देशात मुलींना आणखी घरकाम शिकवायची गरज कुठे आहे?

तलावपाळी

तुमच्या बाई चुकल्याच, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण तुमचेच आकडे सांगतायत की हा विषय मुलग्यांना शिकवायला हवा. विषय बंद करून ती ९७ मिनिटं वाढणार आहेत का?

हंसाबेन मेहतांचं नाव ऐकलंय ना? १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात "सर्व पुरुष" च्या जागी "सर्व माणसं" आणायला लावणाऱ्या त्याच. पुढे त्या बडोदा विद्यापीठाच्या कुलगुरू असताना तिथे गृहविज्ञानाची शाखा उभी राहिली. मुलींना चुलीपाशी बसवायचं असतं तर त्या बाईंनी ते केलं असतं का? शिक्षणावरच्या कोठारी आयोगानेही (१९६४-६६) हेच म्हटलं होतं की विषय असावा, पण मुलींवर सक्ती नको. आपल्या शाळांनी नेमकं उलटं केलं.

ऐरोलीकर

सक्तीचं नंतर बघू. आधी या विषयातल्या शिवणाच्या नमुना-फायलीबद्दल कुणीतरी बोला! माझ्या मुलाला टाक्यांचे बारा नमुने चिकटवून आणायचे होते. स्टेशनबाहेरच्या स्टेशनरीच्या दुकानात तयार फाईल मिळते, अर्ध्या वर्गाने तीच आणली आणि त्यांना पूर्ण गुण. मी म्हटलं, करायचं तर हातानेच. रात्री साडेअकराला मी तुरपाई करतोय आणि मुलगा झोपलाय. यात शिकलं कोण?

तलावपाळी

तुम्ही. आणि मुलाला उठवायला हवं होतं, काका.

कळवा पूर्व

मुलगी-मुलगा चाललंय ते चालू द्या, माझं ऐका. आमच्या चाळीत गेल्या पावसाळ्यात पहाटे गॅसचा वास आला. शेजारचा मुलगा दहावीचा, विज्ञानात नव्वदच्या वर. वास घालवायला त्याने काय केलं? पंख्याचं बटण दाबलं. भडका झाला. त्याच्या आईचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले, अजून पदर सावरता येत नाही. बटणाची एवढीशी ठिणगी पुरते हे त्या पोराला कुणी सांगितलंच नव्हतं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठतो, हेसुद्धा नाही. घरातली सुरक्षितता हा धडा आहे म्हणता ना? मग तो प्रत्येक पोराला पाहिजे.

सातवा मजला

वाचून वाईट वाटलं. पण हे गृहविज्ञानाशिवायही सांगता येईल. शिवाय आता बहुतेक ठिकाणी पाइपचा गॅस आहे, तो हवेपेक्षा हलका, वर जातो. खिडकी उघडली की झालं.

कळवा पूर्व

बहुतेक ठिकाणी म्हणजे तुमच्या टॉवरमध्ये. कळव्यात, दिघ्यात, लोकमान्यनगरच्या गल्ल्यांत येऊन बघा कोण पाठीवर सिलिंडर चढवतंय ते. आणि "झालं" म्हणू नका! हलका असला म्हणून पेटत नाही का? तो छताखाली साठतो. तिथेही बटणाला हात लावायचा नाही, आधी कॉक बंद, मग दारं-खिडक्या.

सातवा मजला

टॉवरमध्ये राहणं हा गुन्हा नाही. सूर नीट ठेवा. बटणाचं बरोबर आहे, मी अर्धवट लिहिलं.

नेरूळ सेक्टर

सिलिंडरवाल्यांनी वरच्या पट्टीवर आतून लिहिलेली एक्सपायरीही बघा. आमच्याकडे आलेल्यावर मागच्या वर्षीची होती, मी परत पाठवला.

कळवा पूर्व

एक्सपायरी नाही ती, चाचणीची मुदत असते. तिथे एक इंग्रजी अक्षर असतं: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. पण परत पाठवलात ते बरोबरच. गळतीसाठी १९०६ नंबर भिंतीवर लिहून ठेवा, घराबाहेर जाऊन लावायचा.

ऐरोलीकर

गॅसच्या केशरी नळीचं पण सांगा. पाच वर्षांनी बदलायची असते. आमच्याकडे जो माणूस आला त्याने नळीबरोबर शेगडीचे बर्नर, लायटर, काय काय गळ्यात मारलं आणि पावती मागितली तर नाही म्हणाला. मी दीड तास वाद घातला.

नेरूळ सेक्टर

पावतीचं तर विचारूच नका. आमच्याकडे पाणी शुद्ध करायच्या यंत्राचा माणूस…

तलावपाळी

थांबा जरा! पावती मागणं, मुदत वाचणं, नळी कधी बदलायची ते माहीत असणं, तुम्ही गेले सहा प्रतिसाद माझाच अभ्यासक्रम शिकवताय. ग्राहक शिक्षणाचा धडा आणि सुरक्षिततेचा धडा. तुम्हाला हे चाळिशी-पन्नाशीत ठेच लागून कळलं. पंधराव्या वर्षी कळायला काय हरकत होती?

आणखी एक. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय निघाला, पुरुषांत २५ टक्के. दोन्ही कमी नाहीत. जेवणावर लगेच चहा घेतला की अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही, लिंबू पिळलं की लागतं. हे माझ्या वर्गातल्या मुली घरी जाऊन आईला सांगायच्या आणि आई ऐकायची. त्या आईला दुसरं कोण सांगणार होतं?

सातवा मजला

ठीक आहे. विषय वाईट नाही, एवढं मान्य करते. पण मुलग्यांना आणि मुलींना एकाच वर्गात, एकाच वेळी असेल तरच. ज्या शाळेत फक्त मुलींना "घे" म्हणून सुचवतात, तिथे मी त्या पालकाच्याच बाजूने उभी राहणार. माझ्या मुलीला तो फॉर्म आला तर आधी विचारणार, मुलग्यांना दिलात का?

तलावपाळी

विचाराच. माझी काही हरकत नाही. मी शिकवत होते तेव्हा चाळीसच्या वर्गात तीन मुलगे असायचे, आणि त्या तिघांनाही बाकीचे चिडवायचे. ते थांबवायला मला जमलं नाही, ते मात्र खरं.

सातवा मजला

हे तुम्ही पहिल्या पोस्टमध्येच लिहायला हवं होतं.

ऐरोलीकर

मुलाला आता उठवलं. ओट्याखाली वाकून नळीवरचं साल वाचून घेतलं त्याच्याकडून. २०१७.