माशाची अंडी कुत्र्याला कच्ची द्यायची की उकडून?

भुसावळकरीण
नमस्कार मंडळी. आमचा वाघ्या दीड वर्षाचा, गावठीच, वजन असेल १८ किलो. पाऊस लागला की बाजारातल्या मच्छीवाल्या मावशी रोहू-कटल्याची अंडी (मुंबईकडे गाभोळी म्हणतात ती) स्वस्तात देतात आणि साफ करताना निघालेलं बाकीचं पण फुकट पिशवीत टाकून देतात, "ने तुझ्या कुत्र्याले" म्हणून. आता मी एक रील बघितलं त्यात परदेशातले लोक कुत्र्याला सालमनची नारिंगी अंडी, कच्ची कोळंबी, अख्खा कच्चा मासा असं सगळं वाडग्यात घालतात आणि त्या कुत्र्यांचे केस असे चमकतात की बस. म्हणून परवा मी पण चमचाभर कच्ची अंडी दिली, वाघ्याने वाटी चाटत चाटत पार गेटपर्यंत ढकलत नेली. सासूबाई म्हणतात उकडून दे नाहीतर जंत होतील. कोणाचं ऐकू? आणि किती द्यायची? कालपासून शी जरा पातळ आहे, बाकी खेळतोय मस्त.

एकच_नंबर_भो
काही होत नाही ताई. आमच्या मळ्यातले दोन्ही कुत्रे नदीकाठी मेलेला मासा पण खाऊन येतात, आठ वर्षं झाली टुणटुणीत आहेत. व्हिडिओ बघून लय डोकं लावता तुम्ही लोक.

कंपाउंडर_चोपडा
@एकच_नंबर_भो जे दोन वाचले ते तू सांगतोय भो, मळ्यातली बाकीची पिल्लं कुठे गेली ते पण सांग ना.

ताई, सासूबाईंचं ऐका. मी जनावरांच्या दवाखान्यात चार वर्षं काढली, डॉक्टर नाही पण तिथे ऐकलेलं-बघितलेलं सांगतो. गोड्या पाण्याच्या माशात पट्टकृमीच्या अळ्या असू शकतात, शिजवलं की मरतात. पण त्याहून कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे थायमिनेज. कार्प घराण्यातल्या (रोहू-कटला पण त्यातलेच) बऱ्याच माशांत, बाजारात सायप्रिनस म्हणून विकतात त्यात तर नक्कीच, हे एंझाइम असतं आणि ते व्हिटॅमिन बी१ मोडून टाकतं. एकदा चमचाभर दिल्याने काही नाही होत, घाबरू नका. पण रोज कच्चा मासा आणि आतडी घालत राहिलं तर काही आठवड्यांनी कुत्रा खाणं सोडतो, चालताना झोकांड्या जातात, पुढे फिट पण येतात. शिजवल्यावर एंझाइम मरतं. नुसतं फ्रीजमध्ये ठेवून मरत नाही.

रीलमधलं सालमनचं वेगळं आहे. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याकडचे कच्चे सालमन खाऊन कुत्र्यांना एक जीवघेणा रोग होतो, माशातल्या बारीक कृमीच्या आत जिवाणू असतो त्याच्यामुळे, उपचार नाही केला तर बहुतेक कुत्री दगावतात. तो आपल्या तापीत नाही. तिकडचे जाणकार लोक आधी उणे २० डिग्रीला ७ दिवस मासा गोठवतात, त्याने कृमी मरतात पण बाकीचे जंतू नाही मरत. आणि आपल्या घरच्या फ्रीजचा वरचा कप्पा तेवढा गार होत नाही, त्यात लाइट सारखी जाते-येते, तर तो भरवसा सोडाच.

तापीकाठचा_भोई
अंडी ठीक शे, पण ती फुकटची पिशवी आधी उघडून बघा ताई. आमचा पिढीजात धंदा हा. माशाच्या काळजाला (लिव्हरला) चिकटून हिरवी-काळी पित्ताची पिशवी असते, साधारण अंगठ्याच्या नखाएवढी, मोठ्या कटल्याची त्याहून मोठी. ती फुटली तर सगळं कडू होतं म्हणून आम्ही ती आधी काढून लांब फेकतो. रोहूचं पित्त औषध म्हणून गिळून माणसांच्या किडन्या बसलेल्या आहेत, आपल्या देशातल्याच केसेस आहेत, आणि ते विष उकळून पण जात नाही. मग कुत्र्याच्या पोटी कशाला घालायचं? घाईत पिशवी भरणारी बाई पित्त वेगळं काढत बसत नाही.

भुसावळकरीण
अगं बाई! ती पिशवी मी बघितलीच नव्हती, सगळं एकत्र शिजवून घालणार होते. बरं झालं विचारलं. 🙏

धुळेकर_सध्या_नाशिक
दोन गोष्टी माझ्याकडून. आमची पामेरियन एकदा लग्नघरातून आणलेली माशाची तळलेली अंडी खाऊन रात्रभर ओकत होती, डॉक्टरांनी स्वादुपिंडाला सूज सांगितली, तीन दिवस सलाइन. अंड्यात आधीच तेल भरपूर, वर तळलेलं, वर लसूण-कांद्याचा मसाला (लसूण-कांदा कुत्र्याला विषच). तर नुसतं पाण्यात उकडायचं, मीठ पण नाही. मी तुमच्या वाघ्याएवढ्या कुत्र्याला छोटे दोन चमचे, आठवड्यातून एकदा, एवढंच देईन. पातळ शी दोन दिवसांत थांबली नाही किंवा उलटी झाली तर दवाखाना.

दुसरं, समुद्राचा माल. आपल्याकडे येईपर्यंत बांगडा बर्फातून किती वेळा बाहेर आला कोण जाणे, नीट गार नाही राहिला तर त्यात हिस्टामीन नावाचं विष तयार होतं आणि ते शिजवून जात नाही. आठवडी बाजारातले खारवलेले सुके मासे तर मिठाचे खडे, ते नाहीच. कोळंबी द्यायची तर साल, डोकं, मधला काळा दोरा काढून, उकडून. आणि मासा दिला तर काटे काढून, रोहूचे ते वाय आकाराचे बारीक काटे हाताने चाचपडल्याशिवाय सापडत नाहीत.

एकच_नंबर_भो
पित्ताचं मला पण माहीत नव्हतं. काल मळ्यात कुत्र्यांना माशाचं मटेरियल टाकताना आधी तेच शोधलं.

भुसावळकरीण
अपडेट. शी बांधली गेली तिसऱ्या दिवशी, दही-भातावर ठेवला होता. आज अंडी धुवून दहा मिनिटं उकडली, पांढरट घट्ट झाली, कुस्करून भाकरीच्या चुऱ्यात दोन चमचे. कच्चीइतका नाचला नाही पण संपवली. घरभर वास सुटलाय, सासूबाई दार-खिडक्या उघडून बसल्यात आणि म्हणतात पुढच्या वेळी चुलीवर, वाड्याच्या मागे. मावशींना पण सांगून आले, फुकटची पिशवी नको, फक्त अंडी द्या. त्या म्हणाल्या मग पैसे पण पूर्ण द्या.